सत्तर हजारांचा कॉम्प्युटर आणि सोळा वर्षांचे शरीर

दहावीचा निकाल लागला की अनेक घरांत एक जुने आश्वासन वर येते. बाळकुम गावठाणातले असेच एक घर डोळ्यांसमोर आणू. वडील वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात कामाला, आई घरी शिवणकाम करते. 'पंच्याऐंशी टक्क्यांच्या वर गेलास तर कॉम्प्युटर' असा शब्द दिलेला होता आणि मुलाने तो वसूल केला. आईची भिशी आणि वडिलांचा साठवलेला बोनस मिळून सत्तर हजार रुपये जमले. मुलाने ढोकाळीत राहणाऱ्या मावसभावाच्या मदतीने यादी तयार केली.

"बाबा, आय७ घ्यायचा. सगळ्यात भारी तोच."

"आणि हे एसएमपीएस म्हणजे काय?"

"ते कॅबिनेटबरोबर फुकट येतं."

यादीत जवळजवळ निम्मे पैसे प्रोसेसरवर आहेत. रंगीत दिव्यांचे कॅबिनेट आहे. पडदा मावसभावाचा जुना, खुर्ची घरातली प्लास्टिकची, आणि जागा झोपायच्या खोलीतला कोपरा, जिथे दोन पिनांच्या सॉकेटवर एक एक्स्टेन्शन बोर्ड आधीच लोंबकळतो आहे. घर कल्पनेतले असले तरी अशा याद्या खऱ्या असतात. चूक अशी की पैसा जिथे नावाला वजन आहे तिथे गेला, आणि जिथे मुलाच्या शरीराचा व घरातल्या विजेचा संबंध येतो तिथे 'फुकट' आणि 'जुने' असे शब्द आले.

हृदय ठणठणीत, हिमोग्लोबिन सात

बाह्यरुग्ण विभागात रोज दिसणारे एक उदाहरण घ्या. एखादी तरुण बाई दोन जिने चढली की धापा टाकते. ईसीजी उत्तम, फुप्फुसे स्वच्छ. पण हिमोग्लोबिन सात. हृदय कितीही जोरकस असले तरी रक्तात प्राणवायू वाहून नेणारा घटकच कमी असेल तर स्नायूंपर्यंत तो पुरेसा पोहोचत नाही. साखळीची ताकद तिच्या सर्वांत कच्च्या कडीएवढी. अशा वेळी हृदयासाठी महागडे औषध देण्यात अर्थ नसतो. लोह द्यावे लागते.

खेळासाठीच्या कॉम्प्युटरचे गणित असेच आहे. पडद्यावर हालणारे चित्र म्हणजे एकामागून एक झळकणारी स्थिर चित्रे, म्हणजे फ्रेम. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर प्रत्येक फ्रेम तयार करायला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्या वेळात प्रोसेसर ठरवतो, की कोण कुठे उभा आहे, गोळी कुठे लागली, कोणती कळ दाबली गेली. मग तो चित्र काढण्याचे काम ग्राफिक कार्डाकडे सोपवतो. फुल एचडी पडद्यावर आडवे १,९२० आणि उभे १,०८० असे सुमारे पावणेएकवीस लाख ठिपके असतात. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे सुमारे साडेबारा कोटी ठिपक्यांचे रंग दर सेकंदाला ठरवायचे.

प्रोसेसरमध्ये मोजके पण हुशार गणनाकेंद्र असतात, त्यांना कोर म्हणतात. ग्राफिक कार्डात साधी पण संख्येने प्रचंड गणनाएकके असतात. उदाहरणार्थ, रेडिऑन आरएक्स ६६०० या मध्यम कार्डात ती १,७९२ आहेत. ठिपके रंगवायला अशी फौजच लागते. त्यामुळे निम्मे पैसे आय७ वर घालवून उरलेल्या पैशांत ४ जीबी मेमरीचे जुने कार्ड घेतले, तर प्रोसेसर आपले काम झटकन उरकून कार्डाची वाट पाहत बसतो. खेळ मात्र अडखळतो. धाप लागणाऱ्या त्या तरुणीचे हृदय असेच विनाकारण धडधडत असते.

नावातली अक्षरे, खोक्यावरचे आकडे

'आय७' हे एका प्रोसेसरचे नाव नाही. ते घराण्याचे नाव आहे आणि त्यात बारा-पंधरा वर्षांच्या पिढ्या आहेत. २०१३ सालचा कोअर आय७-४७७० आणि २०२२ सालचा कोअर आय३-१२१०० दोन्ही चार कोरचेच. पण खेळात नवा 'आय३' जुन्या 'आय७'च्या बराच पुढे जातो. दर पिढीगणिक प्रत्येक कोर एका ठेक्यात अधिक काम करतो आणि मेमरीचा वेग वाढतो. शिवाय विंडोज ११ इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासून पुढेच अधिकृतपणे चालते आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. स्वस्तात 'आय७ सेट' विकायला ठेवलेला दिसला, तर आधी त्यापुढचा आकडा वाचावा. चौथी पिढी असेल तर तो सेट खेळासाठी घेऊ नये.

अंकानंतरचे अक्षर महत्त्वाचे. इंटेलच्या नावाअखेर 'एफ' असेल तर त्या प्रोसेसरमध्ये चित्र दाखवण्याची स्वतःची सोय नसते. वेगळे ग्राफिक कार्ड लावल्याखेरीज पडदा काळाच राहतो. एएमडीच्या रायझेन ५ ५६०० चेही तसेच. उलट रायझेन ५ ५६००जी मधला 'जी' सांगतो की चित्राची सोय आत आहे. अनेकांचा इथेच घोटाळा होतो.

कमी पैशांत दोन मार्ग दिसतात. पहिला, ग्राफिक कार्ड न घेता सुरुवात करण्याचा. रायझेन ५ ५६००जी हा सहा कोरचा, ६५ वॉटचा प्रोसेसर वॅलोरंट किंवा माइनक्राफ्टसारखे हलके खेळ एकट्याने पेलतो, आणि अभ्यास, कोडिंग, चित्रफितींचे संपादन यांनाही पुरतो. एक पथ्य मात्र पाळावे: रॅम १६ जीबीची एकच पट्टी न घेता ८ जीबीच्या दोन घ्याव्यात. आतले ग्राफिक वेगळी मेमरी नसल्याने रॅमच वापरते. डीडीआर४-३२०० ची एक पट्टी सेकंदाला २५.६ जीबी माहिती देऊ शकते, दोन पट्ट्या ५१.२ जीबी. मेमरी तेवढीच राहते, फक्त नळ एकाऐवजी दोन होतात.

दुसरा मार्ग, सुरुवातीलाच कार्ड घेण्याचा. तेव्हा रायझेन ५ ५६०० किंवा कोअर आय५-१२४००एफ हे सहा कोरचे प्रोसेसर पुरेसे आहेत. हात आणखी आखडता असेल तर चार कोरचा आय३-१२१००एफ. ५६०० मध्ये ३२ एमबी कॅश मेमरी आहे, ५६००जी मध्ये १६. कॅश म्हणजे स्वयंपाकघरातल्या ओट्यावरचा मिसळणाचा डबा. हाताशी जितके असेल तितक्या कोठीच्या खोलीत खेपा कमी. म्हणून पुढे कार्ड नक्की लावायचेच असेल, तर ५६००जी पेक्षा ५६०० चांगला. एएमडीची एएम४ बैठक २०१६-१७ मधली असून तिची वाढ आता थांबल्यासारखी आहे, एएम५ बैठक २०२२ ची आहे. एएम५ महाग पडते, पण काही वर्षांनी मदरबोर्ड न बदलता फक्त प्रोसेसर बदलता येण्याची शक्यता तिथे जास्त आहे. दोन वर्षांनी पुन्हा पैसे घालता येतील अशी खात्री नसलेल्या घराने मात्र आज स्वस्त पडते ते घ्यावे.

थोड्या साधनांत ताकदवान यंत्र उभे करण्याचा धडा महाराष्ट्रात पूर्वीच गिरवला गेला आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेने क्रे महासंगणक भारताला देण्यास नकार दिला. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था उभी राहिली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला. त्यात एकच अवाढव्य प्रोसेसर नव्हता. बाजारात मिळणारे इनमॉस कंपनीचे टी८०० ट्रान्सप्यूटर अनेक संख्येने एकमेकांना जोडून, काम वाटून घेणारी रचना उभी केली होती. सर्वांत भारी भाग मिळवण्यापेक्षा भागांचा मेळ बसवणे महत्त्वाचे, हे तत्त्व सत्तर हजारांच्या यंत्रालाही लागू आहे.

शंभर रुपयांची वाटणी

भागांच्या किमती दर महिन्याला हलतात. २०२१ मध्ये चिपटंचाई आणि क्रिप्टो-चलनाच्या 'मायनिंग'मुळे ग्राफिक कार्डे आवाक्याबाहेर गेली होती. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या माहितीकेंद्रांनी मेमरी उचलायला सुरुवात केल्यावर रॅम महागली. म्हणून नेमक्या किमतीपेक्षा वाटणी लक्षात ठेवलेली बरी. पडद्यासह संपूर्ण संचाचे शंभर रुपये धरले, तर साधारण ३० ग्राफिक कार्डाला, १५ प्रोसेसरला, १० मदरबोर्डला, १७ रॅम आणि एसएसडीला, ७ एसएमपीएसला, ४ कॅबिनेटला आणि १२ पडद्याला द्यावेत. उरलेले ५ कीबोर्ड, माऊस आणि घरातल्या वायरिंगच्या दुरुस्तीसाठी. सत्तर हजारांत प्रोसेसरच्या वाट्याला साडेदहा हजार येतात, आणि ते पुरतात.

कार्डावर ८ जीबी मेमरी असावी. एसएसडी शक्यतो १ टीबीची, कारण अनेक मोठे खेळ एकेकटेच १०० जीबीहून अधिक जागा घेतात. जुने कार्ड घेताना जास्त सावध राहावे. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या चलनाने मायनिंगची पद्धत सोडली आणि रात्रंदिवस राबलेली असंख्य कार्डे जुन्या बाजारात आली. अशा कार्डाचे पंखे आणि उष्णता वाहून नेणारी पेस्ट थकलेली असू शकते. समोर अर्धा तास खेळ चालवून दाखवल्याशिवाय आणि वॉरंटीची तारीख पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

ठाण्याहून अनेक जण आजही ग्रँट रोड स्थानकाजवळच्या लॅमिंग्टन रोडला, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, जातात. तिथे पर्याय भरपूर मिळतात, घासाघीसही होते. पण 'बिलाशिवाय इतके कमी' ही सवलत घेऊ नये. जीएसटीचे बिल, त्यावर प्रत्येक भागाचा क्रमांक आणि सीलबंद खोके असेल तरच वॉरंटीला अर्थ राहतो. खोक्याविना मिळणारा 'ट्रे' प्रोसेसर स्वस्त पडतो, पण त्याला सहसा उत्पादकाची थेट वॉरंटी नसते. दुकानदाराने दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

ताप आणि धक्का

शरीराचे तापमान ३७ अंशांच्या आसपास राखण्यासाठी घाम, रक्तवाहिन्या आणि श्वास सतत काम करतात. फार तापलेल्या माणसाला मेहनत झेपत नाही. शरीर स्वतःच वेग कमी करते. प्रोसेसरही तेच करतो. ठरावीक मर्यादेजवळ, बहुतेक प्रोसेसरमध्ये ९० ते १०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान, तो स्वतःचा वेग उतरवतो. वेगासाठी लागणारी वीज सरळ प्रमाणात वाढत नाही. वेग वाढवताना व्होल्टेजही वाढवावे लागते आणि विजेचा खर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत चढतो. त्यामुळे शेवटचा थोडासा वेग फार महाग पडतो. इंटेलच्याच आकड्यांत आय५-१२४०० ची कमाल मर्यादा ११७ वॉट आहे, तर आय७-१४७०० ची २१९ वॉट.

मे महिन्यात दहा बाय बाराच्या खोलीत याचा अर्थ काय होतो ते पाहा. मध्यम गेमिंग कॉम्प्युटर पडद्यासह खेळताना सुमारे २५० ते ३०० वॉट वीज घेतो आणि ती जवळजवळ सगळी उष्णता होऊन खोलीत उतरते. स्वस्थ बसलेला माणूस सुमारे १०० वॉट उष्णता टाकतो. म्हणजे खोलीत आणखी तीन माणसे येऊन बसल्यासारखे. रोज चार तास खेळले तर महावितरणच्या बिलात महिन्याला सुमारे ३० ते ३६ युनिट वाढतात. बाळकुम एका बाजूने खाडीला लागून आहे आणि दुसऱ्या बाजूने भिवंडीकडे जाणाऱ्या रहदारीच्या रस्त्याला; दमट हवा आणि धूळ दोन्ही वाट्याला येतात. रंगीत दिव्यांपेक्षा पुढे जाळी असलेले, धुळीची गाळणी काढून धुता येईल असे कॅबिनेट घ्यावे. ते भिंतीला चिकटवू नये, पलंगाखाली तर मुळीच नको. दोन-तीन महिन्यांनी बंद करून, प्लग काढून धूळ झाडावी.

आता 'फुकट' एसएमपीएसकडे. घरातली २३० व्होल्टची वीज मोडून १२, ५ आणि ३.३ व्होल्टमध्ये आणणारा हा डबा कॉम्प्युटरचे यकृतच म्हणा, बाहेरचे थेट आत जाऊ न देणारे. चांगल्या डब्यात शॉर्ट सर्किट झाले, व्होल्टेज चढले किंवा भार वाढला तर स्वतःहून बंद होण्याची सोय असते. फुकट डब्यावर '५०० वॉट' छापलेले असते, आतले भाग मात्र तेवढ्यांचे असतीलच असे नाही. तो जळताना कधी एकटा जातो, कधी मदरबोर्ड आणि कार्डाला घेऊन जातो. आरएक्स ६६०० सारखे १३२ वॉटचे कार्ड आणि ६५ वॉटचा प्रोसेसर असेल तर नामांकित कंपनीचा, '८० प्लस ब्राँझ' खुणेचा ५०० ते ५५० वॉटचा एसएमपीएस पुरतो.

त्याहून मोठा प्रश्न तिसऱ्या पिनचा. जुन्या घरांत अर्थिंग नसते, किंवा असूनही तुटलेले असते. अशा ठिकाणी कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात, टेस्टर लावला तर तो पेटतो. 'थोडा करंट येतो, चालायचंच' असे म्हणून घरचे त्याची सवय करून घेतात. कारण असे, की एसएमपीएसमध्ये विजेतला गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर असतात आणि ते किंचित वीज पत्र्याकडे सोडतात. ती जमिनीत जाण्याची वाट म्हणजे अर्थिंग. वाट नसेल तर पत्रा अधांतरी भारलेला राहतो. हा प्रवाह सहसा एक मिलिअँपिअरपेक्षा कमी असतो, त्यामुळे नुसत्या झिणझिण्या येतात. पण आतले आवरण फाटून मुख्य तार पत्र्याला टेकली, तर तोच पत्रा घातक होतो. साधारण १० मिलिअँपिअरच्या पुढे हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडवत नाही. त्याहून मोठा प्रवाह छातीतून गेला तर हृदयाची लय बिघडू शकते. म्हणूनच घरातला आरसीसीबी ३० मिलिअँपिअरला वीज तोडेल असा बनवलेला असतो. पावसाळ्यात ओल्या पायांनी, ओलसर फरशीवर बसून खेळणाऱ्या मुलाच्या बाबतीत हा तपशील किरकोळ नाही.

सोळा वर्षांच्या मुलासाठी घेतल्या जाणाऱ्या सर्व भागांत जीव वाचवू शकतील अशा दोनच गोष्टी आहेत: चालू स्थितीतले अर्थिंग आणि आरसीसीबी. दोन्ही त्याच्या यादीत नाहीत.

डोळा, मान, कान

पडद्यासाठी बारा रुपये राखून ठेवले त्याचे कारण शरीर आहे. एरवी माणूस मिनिटाला १५ ते २० वेळा पापणी मिटतो. पडद्याकडे रोखून पाहताना हे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते, डोळ्यांवरचा अश्रूंचा थर सुकतो आणि खुपणे, लाली, अंधुक दिसणे सुरू होते. दर वीस मिनिटांनी वीस फुटांवरच्या वस्तूकडे वीस सेकंद पाहावे, जाणीवपूर्वक पापण्या मिटाव्यात, आणि पंख्याचा झोत थेट डोळ्यांवर येऊ देऊ नये. 'निळा प्रकाश अडवणारा' चष्मा घेण्याची गरज नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन आढाव्यात, अशा भिंगांनी डोळ्यांचा ताण साध्या भिंगांपेक्षा कमी होतो असे दिसले नाही. ते पैसे पडद्यात घालावेत. लहान वयात वाढणाऱ्या चष्म्याच्या नंबरवर मात्र एक साधा उपाय अभ्यासांतून पुढे आला आहे, दिवसाउजेडी रोज सुमारे दोन तास घराबाहेर असणे.

पडदा चोवीस इंची, फुल एचडी, ७५ ते १०० हर्ट्झचा पुरेसा आहे. १४४ हर्ट्झवर एक चित्र ६.९ मिलिसेकंद टिकते, ६० हर्ट्झवर १६.७. फरक डोळ्याला जाणवतो, हालचाल नितळ दिसते. पण समोर काही दिसल्यापासून बोट हलेपर्यंत माणसाला साधारण २०० ते २५० मिलिसेकंद लागतात. दहा मिलिसेकंदांसाठी हजारो रुपये घालण्याआधी त्या मुलाची झोप पुरी होते का ते पाहावे. अपुऱ्या झोपेने प्रतिक्रिया त्याहून कितीतरी अधिक मंदावते.

पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणि अंतर हातभर असावे. प्रौढ माणसाचे डोके साडेचार ते पाच किलोचे असते. मान पुढे झुकली की तिच्या मणक्यांवर आणि स्नायूंवर पडणारा भार वाढत जातो. महागडी 'गेमिंग चेअर' नको. पाठीला टेकू, पाय जमिनीवर किंवा पाटावर आणि कोपर टेबलाच्या पातळीवर एवढे जमले तर साधी खुर्चीही चालते. दर अर्ध्या तासाने उठावे. हेडफोनबाबत जागतिक आरोग्य संघटनेचे मोजमाप सोपे आहे: मोठ्यांसाठी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित, ९० डेसिबलचा मात्र चारच तास. मुलांसाठी मर्यादा याहूनही खाली.

घरात कोणाला फिट येत असेल तर खेळ सुरू होण्याआधी येणारी झगमगाटाची सूचना वाचावी. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये 'पोकेमॉन' मालिकेच्या एका भागात लाल-निळे प्रकाश वेगाने लुकलुकले आणि सुमारे ६८५ जणांना, बहुतांश मुलांना, रुग्णालयात न्यावे लागले. लुकलुकत्या प्रकाशाने झटका येणारे रुग्ण थोडे असतात. पण ज्यांना तो येतो त्यांनी डॉक्टरांना विचारूनच असे खेळ खेळावेत.

यंत्र कुठे ठेवायचे

कॉम्प्युटर झोपायच्या खोलीत ठेवायचा की बाहेरच्या, हा निर्णय प्रोसेसरच्या निवडीहून मोठा आहे. किशोरवयीन मुलांना आठ ते दहा तास झोप लागते. रात्री एकच्या सुमारास मित्रांबरोबर रंगलेला सामना हा त्या झोपेचा सर्वांत मोठा शत्रू आहे. बाहेरच्या खोलीत, घरच्यांच्या येण्या-जाण्याच्या वाटेवर ठेवलेले यंत्र न भांडता वेळेवर बंद होते.

खेळणे हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात 'गेमिंग डिसऑर्डर'ची नोंद आहे, पण तिच्या अटी कडक आहेत. खेळण्यावर ताबा न राहणे, इतर आवडी आणि रोजच्या कामांहून खेळाला वरचे स्थान मिळत जाणे, आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे, अशी तीन लक्षणे साधारण बारा महिने दिसावी लागतात. त्यामुळे घर, शाळा किंवा नात्यांचे ठळक नुकसानही झालेले असावे लागते. सुट्टीत चार तास खेळणाऱ्या मुलाला 'व्यसनी' म्हणणे अन्यायाचे आहे. वर्षभर शाळा बुडवणाऱ्या, जेवण टाळणाऱ्या मुलाला नुसते 'आळशी' म्हणणेही तसेच. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत २०१४ पासून यासाठी स्वतंत्र सेवा आहे. केंद्र सरकारच्या टेलिमानस या १४४१६ क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते.

बाळकुमच्या त्या घरात यादी पुन्हा लिहायला हरकत नाही. आय७ च्या जागी सहा कोरचा साधा प्रोसेसर. वाचलेल्या पैशांत ८ जीबीचे कार्ड, ब्राँझ एसएमपीएस आणि नवा पडदा. खेळाचा वेग मुलाच्या पहिल्या यादीपेक्षा वाढेल, कमी होणार नाही. मावसभावाशी वाद घालायलाही हे एक कारण त्याला पुरेल.

आणि लॅमिंग्टन रोडची लोकल पकडण्याआधी एक काम घरीच करायचे. वायरमनला बोलावून बाहेरच्या खोलीत तीन पिनांचे सॉकेट बसवून घ्यायचे, त्याचे अर्थिंग मीटरने तपासायचे आणि आरसीसीबीवरचे चाचणीचे बटण दाबून तो खरोखर पडतो का ते पाहायचे. तो पडला, की मग दुकानात जावे.